ऑनलाइन धंद्याची मेहनत नेमकी कुठे घालायची?

ठाणे आणि नवी मुंबईतून या वेळी आलेल्या पत्रांत आळशी माणूस एकही नाही. रात्री अकरा वाजता पार्सलं बांधणाऱ्या गृहिणी आहेत, लोकलमध्ये उभ्यानं गिऱ्हाइकांना उत्तरं देणारे नोकरदार आहेत. तरी बहुतेकांचा सूर एकच: एवढं करूनही चार पैसे सुटत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो. नवं गिऱ्हाईक आणण्यात सगळा जीव ओतला जातो. आलेलं गिऱ्हाईक सांभाळायला आणि रोजचा जमाखर्च लिहायला मग अंगात त्राणच उरत नाही. खालची उत्तरं वाचताना हे लक्षात ठेवा.

प्रश्न : मी घरी गोडा मसाला करून विकते. दिवाळीत चकलीची भाजणीही असते. सहा महिन्यांत इन्स्टाग्रामवर चार हजार फॉलोअर झाले, पण ऑर्डर महिन्याला आठ-दहाच, त्याही ओळखीतून. पाव किलो मसाला २०० रुपयांना देते, कुरिअर फ्री. कच्चा माल ११० रुपयांचा, म्हणजे ९० सुटतात. मग हातात काहीच का राहत नाही? आणखी रील टाकू का? (गृहिणी, कोपरखैरणे)

उत्तर : ताई, रील महिनाभर बाजूला ठेवा. आधी ते ९० रुपये शोधू. तुम्ही बिलांचे फोटो पाठवलेत, त्यावरूनच मांडतो. कच्चा माल ११०. कुटण्याची मजुरी पाकिटामागे ८. पाऊच आणि लेबल १२. खोका आणि टेप १०. कुरिअर ४५. बेरीज झाली १८५. उरले १५ रुपये, आणि त्यात गॅस नाही, धणे-खोबरं भाजताना गेलेली तुमची दुपार नाही. अशा हिशेबात ऑर्डरी दहाच्या शंभर झाल्या तरी दमणूक दहापट होईल आणि मिळतील दीड हजार रुपये.

आता कुरिअरकडे नीट बघा. भाडं वजनाच्या टप्प्यानं लागतं आणि पहिला टप्पा सहसा अर्ध्या किलोचा असतो. पाव किलोचं पाकीट पाठवा नाहीतर साडेचारशे ग्रॅम पाठवा, पैसे तेवढेच. पण पाव किलोची दोन पाकिटं घातलीत की खोक्यासकट वजन अर्ध्या किलोच्या वर जातं आणि पुढचा टप्पा लागतो. म्हणून पाकीटच २०० ग्रॅमचं करा, भाव १७० ठेवा आणि दोन पाकिटांच्या खाली पार्सल पाठवू नका. माल ८८, मजुरी ६, पाऊच-लेबल १२ असे पाकिटाला १०६ रुपये. दोन पाकिटांचे २१२, वर खोका १० आणि कुरिअर ४५, एकूण २६७. गिऱ्हाइकाकडून आले ३४०. उरले ७३. पार्सल एकच, धावपळ तेवढीच, आणि १५ चे ७३ झाले.

खोकाही मापात घ्या. कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, त्याला बहुतेक ठिकाणी ५००० नं भागतात आणि खरं वजन व हे वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. घरात पडलेला ३० बाय २० बाय १५ चा खोका वापरलात तर आत मसाला कितीही कमी असो, वजन १.८ किलो धरलं जाईल.

मग गिऱ्हाईक कुठून आणायचं? ते तुमच्याकडे आहेच. गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी एकदा तरी मसाला घेतला त्यांची नावं वहीत उतरवा आणि पुढे तारीख लिहा. चौघांच्या घरात २०० ग्रॅम गोडा मसाला दीड-दोन महिने पुरतो. पाच आठवडे झाले की त्या बाईंना त्यांच्या नावानं मेसेज करा: "मसाला संपत आला असेल, येत्या शनिवारी ताजा कुटून आणतेय, तुमच्यासाठी ठेवू का?" सगळ्यांना एकच फॉरवर्ड मारू नका. वीस जणी नेमानं परत येऊ लागल्या की त्यांच्या जावा, नणंदा, सोसायटीतल्या मैत्रिणी आपोआप विचारायला लागतात. भाजणीच्या ऑर्डरी दसऱ्याआधीच लिहून घ्या. वसुबारसेच्या आठवड्यात कुरिअरचा भरवसा धरू नये. आणि वाशीचं मसाला मार्केट तुमच्या इतक्या जवळ आहे, त्याचा फायदा घ्या. नव्या मालाच्या हंगामात चार दुकानं हिंडून भाव लिहून ठेवलेत, तर वर्षभर कुणाकडून काय उचलायचं ते पक्कं होतं.

एक गोष्ट मात्र आजच करा. तुमच्या पाकिटाच्या फोटोत एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ अंकी क्रमांक दिसत नाही. घरून विकलं तरी ही नोंदणी लागते. लेबलवर घटक पदार्थ, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसह किंमत, शाकाहारी असल्याची हिरवी खूण, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हवा. अनोळखी माणूस घरचा मसाला पहिल्यांदा घेताना हेच वाचतो.

प्रश्न : कापडी पिशव्या शिवून विकते. वर्षाला चार-पाच लाखांची उलाढाल. ४० लाखांपर्यंत जीएसटी नाही ना? (नेरुळ)

उत्तर : मालाची विक्री महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात आणि थेट, कुठल्या ऑनलाइन बाजारपेठेशिवाय करत असाल तर बरोबर. पण बंगळुरूला एक पिशवी विकून पाठवलीत तरी उलाढाल न बघता नोंदणी लागू शकते, कारण परराज्यात करपात्र माल विकणाऱ्याला ही मर्यादा मिळत नाही. ठरावीक हस्तकला वस्तूंना त्यात सवलत आहे, तुमच्या पिशव्या त्यात बसतात का ते सीएला दाखवून घ्या. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर विकायचं असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातच विकणाऱ्या छोट्यांना नोंदणीशिवाय विकता येतं, मात्र जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न : तीस हजार रुपये भरून ड्रॉपशिपिंगचा, म्हणजे माल स्वतःकडे न ठेवता पुरवठादाराकडून थेट गिऱ्हाइकाला पाठवायच्या धंद्याचा, कोर्स केला. पहिल्या महिन्यात ४० ऑर्डर मिळाल्या, सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी. २६० ची वस्तू ५९९ ला विकतो. तरी खात्यात पैसे कमीच झाले. सर म्हणतात माझा माइंडसेट कमी पडतोय, ऐंशी हजारांचा अॅडव्हान्स कोर्स कर. दोन मित्र आणले तर फीमध्ये सूट आहे. घ्यावा का? (वय २४, वर्तकनगर)

उत्तर : नाही. एक रुपयाही भरू नका.

तुम्ही मनात धरलेला हिशेब असा: वस्तूमागे ३३९ रुपये, गुणिले ४०, म्हणजे १३,५६० नफा. आता तुम्हीच दिलेले बाकीचे आकडे घालू. ४० पैकी १४ पार्सलं परत आली. पैसे आले २६ चे, १५,५७४ रुपये. त्या २६ वस्तूंचा खर्च ६,७६०. जाहिरात ऑर्डरमागे १८०, म्हणजे ७,२००, आणि ती परत आलेल्या ऑर्डरींचीही भरावी लागली. जाण्याचं कुरिअर ७५ प्रमाणे ३,०००. परत येणाऱ्या १४ पार्सलांचं आणखी १,०५०. खर्च १८,०१०. तोटा २,४३६. परतीचा माल पुरवठादारानं बिनतक्रार घेतला असं धरून हा आकडा आहे.

यात तुमच्या मनोवृत्तीचा दोष कुठे आहे? दोष मांडणीत आहे. कुणालाही मिळणारी वस्तू, जी तुम्ही हातात धरून पाहिलेली नाही, जाहिरात बघून पाच सेकंदांत हो म्हणणाऱ्याला विकायची, तेही पैसे आधी न घेता. दारात कुरिअरवाला येईपर्यंत त्याचा विचार बदललेला असतो. "तुझा माइंडसेट कमी आहे" हे वाक्य तरुण मुलांना ऐकवून त्यांच्याकडून दुसऱ्यांदा फी काढली जाते, याचा मला मनापासून राग येतो. शिकवणाऱ्याची कमाई ज्या धंद्याचे धडे तो देतो त्यातून होते की फीमधून, एवढं एकच विचारा आणि त्याच्या दुकानाचा परत आलेल्या मालासकट महिन्याचा हिशेब दाखवायला सांगा.

मित्र आणण्याच्या सवलतीबद्दल सावध राहा. माणसं जोडण्यावरच कमाई चालणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांतही पिरॅमिड योजनांना मनाई आहे. मित्र आणि पैसे दोन्ही जातील. कोर्सच्या जाहिरातीत ठरावीक कमाईची हमी दिली असेल तर तिचे स्क्रीनशॉट आणि पावती घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

जाहिरात लिहिण्याचं आणि ऑर्डर घेण्याचं कौशल्य तुमच्या हाताला लागलंय, ते वाया घालवू नका. वागळे इस्टेटमध्ये एवढे छोटे कारखाने आहेत, अनेकांना स्वतःचा माल ऑनलाइन कसा मांडायचा ते जमत नाही. एखाद्याचा माल हातात घेऊन, स्वतः वापरून, वीस नग आधी पैसे घेऊन विका. ऑर्डर आली की फोन करून पत्ता पक्का करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण परत येणारी पार्सलं त्यानंच कमी होतात.

प्रश्न : आयटीत आहे. बायको आणि मी वीकेंडला लाकडी खेळणी विकतो. नोकरी सोडून पूर्णवेळ उतरावं असं वाटतं. हिंमत केल्याशिवाय काही होत नाही ना? (घोडबंदर रोड)

उत्तर : घराचा हप्ता चालू असताना राजीनामा देणं म्हणजे हिंमत, असं मी मानत नाही. सलग सहा महिने खेळण्यांतून घरखर्चाच्या निम्मी रक्कम निघू दे आणि वर्षाचा घरखर्च बाजूला पडू दे, मग बोला. तोवर नियुक्तीपत्रातली दुसऱ्या कामाबद्दलची अट वाचून घ्या. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. कारागिरांसाठी त्यात काही सूट आहे, तुम्हाला ती लागू होते का ते भारतीय मानक ब्यूरोकडून समजून घ्या. नोकरी सोडण्याचा विचार नंतर, हे काम आधी.

प्रश्न : उल्हासनगर आणि सुरतहून साड्या आणून फेसबुक लाइव्हवर विकते. मागच्या महिन्यात एकीनं सगळ्यांसमोर लिहिलं, "रंग वेगळाच निघाला, फसवणूक आहे." मी रडले, आठ दिवस लाइव्ह केलंच नाही. लाइव्हमध्ये मी 'नो रिटर्न, नो एक्स्चेंज' स्पष्ट सांगते. मला हे झेपणार नाही का? (कळवा)

उत्तर : झेपेल. आठ दिवसांनी पत्र लिहायला बसलात, म्हणजे सोडलेलं नाही. पण ताई, त्या बाईंची बाजूही बघू या. त्यांनी बाराशे रुपये दिले, मोरपंखी साडी बघितली आणि घरी आली हिरवी. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत रिंग लाइट थेट काठावर पडतोय, त्यानं जरीकाम पांढरं दिसतंय आणि निळसर छटा उडून गेलीय. त्या खोटं बोलत नाहीत, आणि तुम्हीही फसवलेलं नाही.

साडी दिवसा खिडकीजवळ दाखवा. आधी पूर्ण घडी, मग काठ जवळून, मग पदर, मग साडीची उलटी बाजू, शेवटी खांद्यावर टाकून. शेजारी घरातली रोजची एखादी पांढरी वस्तू ठेवा, म्हणजे बघणारीला रंगाचा अंदाज येतो. कापड काय आहे ते न विचारता सांगा. आर्ट सिल्क (कृत्रिम रेशीम) असेल तर आर्ट सिल्क म्हणा. आणि यंत्रमागावरच्या साडीला पैठणी म्हणू नका, त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मालासाठीच राखलेलं आहे, आणि येवल्या-पैठणच्या विणकरांच्या पोटाचा तो प्रश्न आहे.

'नो रिटर्न' म्हटल्यानं तुमचं संरक्षण होत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळा माल निघाला तर तो परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्यापेक्षा स्वतःच सांगा: तीन दिवसांत कळवा, घडी मोडलेली नसावी, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा, साडी बदलून मिळेल. तुम्हीही पार्सल बांधताना डाग, फॉल, काठ दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा.

त्या कॉमेंटला आता तिथेच, सगळ्यांना दिसेल असं उत्तर द्या: "ताई, लाइटमुळे रंग वेगळा दिसला, तुमचं म्हणणं बरोबर आहे. साडी परत पाठवा, कुरिअर माझ्याकडून. दुसरी घ्या किंवा पैसे घ्या." तुम्हाला दीडशे रुपये खर्च येईल. लाइव्ह बघणाऱ्या बाकीच्या बायका तुमचं उत्तर वाचून ठरवतील की तुमच्याकडे पैसे पाठवावेत की नाही.

आणि रडू आलं यात काही वावगं नाही. फक्त वाईट कॉमेंटला रात्री उत्तर देऊ नका. सकाळी चहा घेऊन द्या.

प्रश्न : नौपाड्यात वडिलांपासूनचं स्टेशनरीचं दुकान आहे. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अॅपमुळे गिऱ्हाईक कमी झालं. मुलगा म्हणतो वेबसाइट काढू, लाखभर रुपये सांगितलेत. माझं वय ५८. या वयात हे जमेल का? (ठाणे)

उत्तर : वेबसाइट नको. लाखभर रुपये मालात गुंतवा. वयाचा प्रश्नच नाही, कारण तुम्हाला जे येतं ते त्या अॅपला येत नाही. कुठल्या शाळेला चौरेघी वही लागते, कुठली शाळा जर्नलला कोणता रंग मागते, दहावीच्या प्रकल्पाला कोणते कागद लागतात, हे तुमच्या डोक्यात वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसून जमलेलं आहे. अॅपवर पेन लगेच मिळेल. शाळेची पूर्ण यादी तिथे एका जागी मिळत नाही.

दोन मोफत गोष्टी करा. गूगलवर दुकानाची नोंद करून वेळा, फोन आणि आतल्या कपाटांचे ताजे फोटो टाका. राम मारुती रोडवर उभा राहून "जवळचं स्टेशनरी दुकान" शोधणारा माणूस तिथूनच येतो. आणि दुकानाच्या नंबरावर व्हॉट्सअॅप बिझनेस सुरू करून पन्नास वस्तूंचा कॅटलॉग भरा. पन्नासच, पाचशे नकोत.

मग मे महिन्यातच आसपासच्या पालकांना कळवा: शाळेच्या यादीचा फोटो पाठवा, दोन दिवसांत सगळं बांधून तयार मिळेल. वह्यांना कव्हर घालून, नावाची लेबलं चिकटवून हवी असतील तर त्याचे वेगळे पैसे. १५ जूनच्या आसपास शाळा उघडतात तेव्हा दोघंही नोकरी करणाऱ्या आईबापांना वह्यांना कव्हर घालायला वेळ नसतो. ते आनंदानं पैसे देतील. सुट्टीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला हाताशी घ्या.

मुलाला यात घ्याच. मेसेजला उत्तर देणं त्याचं काम, माल ओळखणं तुमचं. मेसेज आल्यावर अर्ध्या तासात उत्तर गेलं पाहिजे, नाहीतर पालक पुढच्या दुकानात जातात. रात्री दुकान बंद करताना दोघांनी बसून आज व्हॉट्सअॅपवरून किती आले आणि गल्ल्यात किती आले ते वेगवेगळं लिहावं. जुलैत ती वही बघून वेबसाइटचा विचार करा.

प्रश्न : जुनं कपाट विकायला टाकलं होतं. घेणारा म्हणतो, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. करू का? (सीवूड्स)

उत्तर : मुळीच नाही. यूपीआयमध्ये पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. आधीच गेले असतील तर हे वाचणं थांबवून १९३० वर फोन करा, मग बँकेला.

प्रश्न : अमेरिकेतल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. पहाटे साडेपाचला पहिला वर्ग. अकरा मुलं आहेत. घरात मात्र "मोबाइल घेऊन बसते" एवढंच ऐकू येतं. सासूबाई वर्ग चालू असताना हाक मारतात. फीही पालक आठवण केल्यावरच देतात. उत्साह टिकवायचा कसा? (ऐरोली)

उत्तर : उत्साहाच्या भरवशावर राहू नका, वेळापत्रकाच्या भरवशावर राहा. वर्गाच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. सासूबाईंना एकदा शेजारी बसवून वर्ग ऐकवा. सातासमुद्रापार वाढणारं पोर "आजी, तुम्ही कशा आहात?" असं म्हणतं ते त्यांनी स्वतः ऐकू दे. त्यांना जमत असेल तर महिन्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवा. आजी दिसली की मुलं खुलतात आणि पालकांनाही ते हवं असतं.

शिकवणीसाठी वेगळं बँक खाते काढा. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला जपून ठेवा, आयकर भरताना उपयोगी पडतो. दर महिन्याच्या ५ तारखेला त्या खात्यातून घरखर्चाला ठरावीक रक्कम द्या, छोटी असली तरी चालेल, पण तारीख चुकवू नका. घरात बोलून जे पटत नाही ते या तारखेनं पटतं.

फी आगाऊ घ्या. आठ वर्गांची फी पहिल्या वर्गाआधी, बुडालेला वर्ग एक दिवस आधी कळवला तरच भरून मिळेल, हे सगळ्या पालकांना एकाच वेळी लेखी कळवा. ओशाळू नका. शिकवण्याचे पैसे वेळेवर मागण्यात लाज कसली? एखादं कुटुंब कमी होईल, ती जागा ठेवा एखाद्या वेळेवर फी देणाऱ्यासाठी.

आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. तुमचा साडेपाचचा वर्ग न्यूयॉर्कला उन्हाळ्यात आदल्या रात्री आठला पडतो, हिवाळ्यात सातला. कुणाची वेळ बदलायची आणि कुणाची तीच ठेवायची ते ऑक्टोबरच्या मध्यालाच पालकांना विचारून घ्या.